पाठमोरा शॉट

संध्याकाळी पावणेसहाला आमच्या बाहेरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपवर, फिल्म संपली. तिला अजून नाव नव्हतं. पडदा काळा झाला तेव्हा गार्गीनं आधी माझ्याकडे, मग विमलकडे पाहिलं. विमल खुर्चीत मागे रेलली आणि हसायला लागली.

"काय झालं ताई?"

"अगं, तू माझं तोंड लपवलंस आणि पाठ दाखवलीस," विमल म्हणाली. "सांगलीत मला तोंडावरून ओळखणारे कमी आहेत."

गार्गी देवस्थळी पुण्याची, वयानं आमच्या निम्मी. चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर ज्यांना आपलं प्रेम बाईवर आहे हे कळलं आणि ज्यांनी ते घरात सांगितलं, अशा चार बायकांवर ती छोटी फिल्म करत होती. नाशिकची बँक अधिकारी, अमरावतीची डॉक्टर आणि अलिबागची निवृत्त शिक्षिका अशा तिघी कॅमेऱ्यासमोर चेहरा न लपवता बसल्या होत्या. चौथी विमल. चेहरा दिसणार नाही आणि आवाज बदलला जाईल, या अटीवर ती तयार झाली होती. म्हणून गार्गीनं तिला मैदानावर पाठमोरी टिपलं होतं. सकाळचं कोवळं ऊन, विमलच्या मानेवर शिट्टीची दोरी, समोर रांगेत बसलेल्या मुली. शॉट सुंदर होता. त्याच फिल्ममध्ये कपबशी ठेवणारा एक हात दिसत होता, तो माझा. त्यावरचं घड्याळही गार्गीनं काढायला लावलं होतं.

मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात मुख्य उपसंपादक होते. जिल्ह्याचं पान माझ्या हातून जायचं. विमल मगदूम खो-खोची प्रशिक्षक. महाराष्ट्राकडून खेळलेली, ऐन उमेदीत विधवा झालेली. एकुलता मुलगा सन्मती बेंगळुरूला नोकरीला. माझी आई गेली आणि मी घर सोडून विमलकडे राहायला आले. गावानं त्याला लगेच नाव देऊन टाकलं, 'सोबत'. मगदूम मॅडमना आवटी बाईंची सोबत असते. म्हाताऱ्या माणसाकडे रात्री निजायला पाठवतात त्यांच्यासाठी जो शब्द वापरतात, तोच. आम्ही तो कधी दुरुस्त केला नव्हता. सन्मतीला मात्र विमलनं खरं सांगितलं होतं. काही आठवडे त्यानं फोन केला नाही. मग दिवाळीला आला, आमचा बंद पडलेला मिक्सर दुरुस्त केला आणि माझ्या पाया पडून गेला.

गार्गीला पाठीचं म्हणणं पटेना. पाठमोरं माणूस कोण ओळखणार, तिचं म्हणणं. विमलनं तिला टेबलावरच्या चमच्यांनी खो-खो समजावला. आठ जणी रांगेत बसतात, एक या बाजूला तोंड करून, तर पुढची त्या बाजूला. पाठलाग करणारी मागून येते, पाठीवर थाप मारून खो देते आणि बसलेलीनं उठून पळायचं.

"धावताना तोंडं बघायला वेळ कुठे असतो?" विमल म्हणाली. "पाठ बघून ठरवायचं. ही उठायला चपळ, हिला खो देऊ. हिचा दम गेलाय, हिला नको. ज्या पोरींबरोबर मी दहा वर्षं खेळले आणि ज्यांना वीस वर्षं शिकवलं, त्यांच्या सगळ्यांच्या डोक्यात एकमेकींच्या पाठी आहेत."

गार्गी म्हणाली की हे जरा अति होतंय. मी म्हटलं, ज्यानं मजकूर लिहिला त्यानं त्याचं प्रूफ वाचू नये, हा आमच्या धंद्यातला नियम आहे. तिसऱ्याला दाखवू.

तिसरी म्हणजे कुसुम खाडे. मैदानाच्या फाटकाजवळ तिचं पोळी-भाजी केंद्र होतं. विमल आणि ती शाळेपासून एका संघात. मी आणि गार्गी गेलो तेव्हा कुसुम भाकरी थापत होती. गार्गीनं मोबाईलवर शॉटचा एवढासा तुकडा, आवाज बंद करून, तिच्यापुढे धरला. कुसुमनं एकदा नजर टाकली आणि भाकरी तव्यावर टाकली.

"विमल की."

"कशावरून मावशी?"

"डावा खांदा बघ, खाली हाय. नॅशनलला खांबावर सूर मारला तवा उतरलेला. बसवला, पण पुन्हा सरळ काय झाला न्हाई." तिनं भाकरीवर पाणी फिरवलं. "फिल्म कशावर हाय?"

"बायकांवर," गार्गी म्हणाली.

"मग बाई बरोबर निवडलीस."

घरी आल्या आल्या गार्गीनं विमलला सांगितलं की सगळा भाग काढून टाकते. फिल्म मंगळवारी एका महोत्सवाकडे पाठवायची होती. तीन बायकांची केली तरी ती उभी राहील. विमलवर तिचा कसलाही आग्रह नव्हता. हे ती मनापासून बोलत होती, आणि बोलताना तिचा चेहरा उतरला होता, हेही मी पाहिलं.

विमल उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. तिनं शेंगा फोडायला घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या कुटाला लागणार नव्हत्या इतक्या.

इथे काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं. विमलच्या खो-खो मंडळात मुली येत होत्या त्या हमालांच्या, हळदीच्या अडतीवर काम करणाऱ्यांच्या, यंत्रमागावरच्या घरांतल्या. त्यांचे आईबाप मुलींना अर्ध्या चड्डीत मैदानावर धाडत, परगावी स्पर्धेला पाठवत, ते एकाच कारणासाठी. शिकवणारी बाई आहे. परगावी गेल्यावर मुली शाळेच्या नाहीतर मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपत आणि दाराशी आडवी विमल झोपे. त्या दाराशी झोपण्यावर मंडळ उभं होतं. तेव्हा कायदाही आमच्या बाजूनं नव्हता. आमची गोष्ट पालकांपर्यंत दुसऱ्याच कुणाकडून पोचली असती, तर विमलला घर, पैसा, नाव कशाचीच झळ बसली नसती. मैदान मात्र रिकामं झालं असतं. आणि मैदानाशिवाय विमल म्हणजे काय, ते मी तिच्या आजारपणात तीन आठवडे पाहिलं होतं.

"काढायला सांग तिला," मी म्हटलं.

"काढलं तर?"

"तर काही नाही. आहे तसं राहील."

"ठेवलं तर?"

"कुणीतरी मोबाईलवर बघणार. पाठ ओळखणार. मग चौगुल्यांना दाखवणार."

दत्ता चौगुले हळदीच्या पेठेत हमालांच्या टोळीचा म्होरक्या. त्याची स्नेहल ही विमलची सगळ्यात चांगली खेळाडू. चौगुलेंनी मान हलवली की बाकीचे पालक मान हलवत.

विमलनं आणखी चार शेंगा फोडल्या. "म्हणजे माझं मलाच सांगता येणार नाही. ते पाठीवरून कळणार त्यांना."

"काढलं तर कळणार नाही."

"आज नाही. पण प्रमिला, मी आता हे बघितलंय ना. माझी पाठ बघितली मी. चोरासारखी दिसते."

"सुंदर दिसते."

"तुला दिसणारच." ती हसली नाही. "रविवारी पालकांची सभा आहेच, जालन्याच्या स्पर्धेची. तिथंच सांगते. मग काय काढायचं ते काढा आणि ठेवायचं ते ठेवा."

मी म्हटलं की मग माझंही नाव येईल.

"तुझं नाव न घेता काय सांगू? एकटी एकटीशीच संसार करते म्हणून?" मग तिनं शेंगांची ताटली बाजूला सारली. "तुला नको असेल तर नाही सांगत. अगदी खरं. नाही म्हण, विषय संपला."

कचेरीतला संपादक, खालच्या मजल्यावरचे शेजारी, साताऱ्याचा माझा भाऊ, असे एकेक चेहरे डोळ्यापुढून गेले.

"घे नाव," मी म्हटलं. "आडनाव नीट सांग. लोक आवटे करतात."

शनिवारी मी तिला बोलण्यासाठी मजकूर लिहून दिला. मुद्देसूद, थोडक्यात, कुठेही तोल न जाणारा. तिनं चष्मा लावून वाचला.

"प्रमिला, हे बातमीसारखं झालंय गं. मी काय उलटलेली एसटी आहे?"

आणि त्या कागदात तिनं शेंगांची टरफलं भरली.

रविवारी सकाळी आठला पालक जमले. विमलची सभा नेहमी मैदानावरच असायची. खुर्च्या नाहीत. मुली आखलेल्या चौकोनांत बसत, पालक त्यांच्यासमोर जमिनीवर. मैदानाचा एक नियम होता. चुन्याच्या रेषेच्या आत चप्पल नाही. मंत्री आला तरी नाही. पालकांच्या चपलांचा ढीग लिंबाच्या झाडाखाली पडायचा आणि मी इतकी वर्षं त्या ढिगाशेजारी, रेषेबाहेर, पायात चप्पल घालून उभी राहत आले होते. बातमीदार उभा राहतो तशी. स्पर्धेची बातमी घ्यायला आलेय, असंच सगळे समजत आणि बऱ्याचदा ते खरंही असे.

गार्गी कॅमेरा घेऊन आली होती. विमलनं तिला तो पिशवीतून काढू दिला नाही. पालकांवर कॅमेरा नाही, म्हणाली. कुसुमही पोह्यांचा डबा घेऊन आली होती. जालन्याला जाणाऱ्या संघाला पहिला नाश्ता तिच्याकडून, हा तिचा रिवाज.

विमलनं मुलींना धावायला पाठवलं. मैदानाला फेऱ्या मारा, मी शिट्टी देईपर्यंत थांबायचं नाही. मुली लांब गेल्यावर ती पालकांसमोर उभी राहिली.

"जालन्याच्या गाडीचं नंतर सांगते. आधी माझं सांगते," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोचणारा. "तुम्ही मुली माझ्याकडे पाठवता ते मी बाईमाणूस आहे म्हणून. तर ही बाई कोण आहे, ते तुम्हाला माझ्याकडून कळावं. आवटी बाई माझ्या घरी राहतात. तुम्ही म्हणता, सोबत आहे. सोबत नाही. आम्ही दोघी संसार करतो. नवराबायको करतात तसा. माझं प्रेम आहे तिच्यावर. हे मला स्वतःला समजायला पंचेचाळिशी उलटावी लागली, त्यामुळे तुम्हाला एका सकाळीत समजावं असं माझं म्हणणं नाही. एक फिल्म निघतेय, त्यात मी आहे. कुणी तुम्हाला ती दाखवायच्या आधी मी सांगितलं. काय विचारायचं ते आता विचारा. माझ्यामागे मुलींना विचारू नका."

चारचौघांत मी नेहमी 'त्या' असायचे. आवटी बाई आल्या, आवटी बाई गेल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा 'ती' झाले आणि बसलेल्यांपैकी काही बायकांच्या माना तेवढ्यावरच माझ्याकडे वळल्या.

विमलनंही माझ्याकडे पाहिलं.

"प्रमिला, तिथं काय उभी? आत ये."

मी चपला काढल्या. रेषेच्या आतली माती थंड होती आणि वाटली होती त्यापेक्षा मऊ. मी जाऊन तिच्या उजव्या बाजूला उभी राहिले. हात कुठे ठेवायचे ते मला कळत नव्हतं.

मुलींच्या पावलांचा आवाज जवळ येऊन पुन्हा लांब गेला. मग दत्ता चौगुले उठला. मोठ्या हाडाचा, शांत माणूस. हळद त्याच्या नखांत कायमची मुरलेली. तो विमलशी कधी नजर वर करून बोलत नसे, आदरानं. त्या दिवशी त्यानं नजर वर केली.

"मॅडम, वंगाळ वाटून घेऊ नका. स्पर्धेला गेल्यावर पोरी जिथं झोपत्यात, तिथं तुम्ही असताय."

हाच प्रश्न येणार हे आम्हाला माहीत होतं.

"असते," विमल म्हणाली. "दाराशी. वीस वर्षं तिथंच झोपतेय. परवापर्यंत जी होते तीच आज आहे दत्ताभाऊ, फरक एवढाच की आता तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही विचारलंत ते बरोबर विचारलंत. बापानं विचारायलाच पाहिजे. मी पुरुष असते तरी विचारायला पाहिजे होतं, आणि बाई आहे म्हणून इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, ही चूकच झाली. तर आजपासून नियम. दर दौऱ्याला एक आई बरोबर येणार. मी असले तरी, माझ्या जागी दुसरं कुणी असलं तरी."

चौगुले उभाच राहिला. त्याला उत्तर मिळालं होतं, पण ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नसावं.

तेवढ्यात मागच्या बाजूनं मुमताज मुल्ला बोलली. तिची नाझिया संघात सगळ्यात लहान. मुमताज मिरजेहून दोन रिक्षा बदलून यायची आणि सभेत एरवी तोंड उघडत नसे.

"मॅडम, आई म्हणून मी येते. पण गाडीत मला खिडकीजवळ बसवा. मला लागते गाडी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी एक जण. दोन बापे मात्र तोवर उठले, चपला शोधू लागले आणि हाका मारून आपापल्या मुलींना धावण्यातून बाहेर काढून घेऊन गेले. चौगुले शेवटी एवढंच म्हणाला, "घरात बोलून सांगतो." त्यानं लांबूनच विमलला नमस्कार केला. स्नेहल धावत होती. तिला त्यानं हाक मारली नाही, फाटकाबाहेर तिची वाट बघत उभा राहिला.

विमलनं शिट्टी दिली.

पोहे वाटायची वेळ आली तेव्हा कुसुम डबा तसाच धरून उभी. डोळे लाल झाले होते. विमल तिच्याकडे गेली तर तिनं डबा तिच्या छातीवर आदळला.

"पाठ ओळखायला मी," ती म्हणाली, "आणि तोंड दाखवायला ही लोकं व्हय गं?"

मी विमलला अडखळताना पाहिलं ते त्या सकाळी तेवढंच.

"आधी तुला सांगायला भ्यायले मी, कुसे."

"चौगुल्याला न्हाई भ्यालीस, मला भ्यालीस." कुसुमनं पदरानं नाक पुसलं. "दे तो डबा इकडं. निवत्यात पोहे." आणि माझ्याकडे वळून, मी जणू काही काल लग्न होऊन आलेली सून असावी तशा सुरात ती म्हणाली, "तू गं? नुसती उभी काय ऱ्हातीस? बशा मांड."

मी बशा मांडल्या.

त्याच दुपारी गार्गीनं नवा शॉट घेतला. विमल मैदानाच्या मधोमध, तोंड कॅमेऱ्याकडे, स्वतःच्या आवाजात. खाली अक्षरं आली : विमल मगदूम, खो-खो प्रशिक्षक. गार्गी जुना शॉट काढायला निघाली होती. विमल म्हणाली, राहू दे, कुसुमच्या ओळखीचा आहे. चहाच्या कपाचा शॉटही पुन्हा झाला. या वेळी घड्याळासकट, आणि हाताच्या मागे मी होते.

बत्तीस वर्षं मी बातम्यांतली विशेषणं कापली. 'धाडसी', 'ऐतिहासिक', 'भावपूर्ण', सगळी. म्हणून त्या रविवारबद्दल एवढंच लिहिते, की विमल सरळ उभी होती. डावा खांदा खाली होता. मी तिच्या उजव्या बाजूला होते, आणि त्या क्षणी सांगलीत माझ्याइतकं ताठ कुणी उभं असेल असं मला वाटलं नाही.

पुढचं थोडक्यात. संघ जालन्याला गेला, कमी मुली घेऊन. मुमताज खिडकीजवळ बसली आणि तरीही तिला गाडी लागली. रात्री दाराशी दोन सतरंज्या पडल्या. उपांत्य सामना आम्ही हरलो, कारण खांबावर सूर मारणारी स्नेहल नव्हती. चौगुले 'घरात बोलून' आला नाही, निरोपही आला नाही. स्नेहल पुढच्या महिन्यात दुसऱ्या मंडळाकडून खेळताना दिसली. तिची बातमी माझ्याच पानावर लागली, तीन कॉलम, फोटोसह. विमलनं ती कापून ठेवली. माझ्या संपादकानं मला बोलावून, घसा साफ करत, तुम्हाला काही दिवस रजा हवी आहे का असं विचारलं. मी म्हटलं, पान तयार आहे, बघून घ्या. त्यानं पान बघितलं. फिल्म सांगलीत एका छोट्या सभागृहात दाखवली तेव्हा सन्मती बेंगळुरूहून आला आणि आमच्या दोघींच्या मधल्या खुर्चीत बसला. मैदान रिकामं झालं नाही. पूर्वीइतकं भरायलाही बरीच वर्षं लागली.

मी आता निवृत्त आहे. विमलचे गुडघे कुरकुरतात, तरी सकाळी सहाला ती मैदानावर असते.

काल संध्याकाळी घरच्या फोनवर एका मुलीचा आवाज आला. मॅडम अजून सकाळी मैदानावर असतात का, तिनं विचारलं. मी म्हटलं, असतात. कोण बोलतंय?

"मी स्नेहल चौगुले. काकू, उद्या मी येते. बाबा पण येणार आहेत."

मी विचारलं, काय काम काढलंस?

"ते मॅडमनाच सांगते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी ते विमलला सांगितलं. आज पहाटे ती रोजच्यापेक्षा आधी उठली, शिट्टीची नवी दोरी शोधली, चहा अर्धा टाकून गेली. जाताना म्हणाली, तू नंतर ये, आधी मला एकटीला बघू दे काय म्हणतात ते.

सराव साडेसातला सुटतो आणि पावणेआठला ती घरी असते. आत्ता सव्वाआठ झाले आहेत. कुसुमला फोन केला. ती म्हणाली, मैदानात बापलेक दोघं दिसत्यात, विमलपुढं बसल्यात, काय बोलत्यात ते इथनं ऐकू येत न्हाई. पण दोघांच्या चपला लिंबाखाली काढलेल्या हायत, तेवढं दिसतंय.